तान रुफिनाने मागे घेतलेली साक्ष

तान रुफिना तेडपाहोगो जिथे श्वास घेते, तिथे आमचं मालेसो गाव बोलतं. हे मी वाढवून सांगत नाही. गेली पन्नास वर्षं गावात कुणीही वारलं, की नऊ दिवस संध्याकाळची जपमाळ तीच चालवते. अशा बाईला आमच्याकडे तेचा म्हणतात. अर्धी प्रार्थना तेचाने म्हणायची, ती थांबली की उरलेली अर्धी लोकांनी. लोक म्हणजे सगळे आले: मयताचे नातेवाईक, शेजारी, नुसते जेवायला आलेले, आणि मागच्या खुर्चीवर डुलक्या काढणारा माझा मामेभाऊ जेसी. जेसी एकदा चक्क घोरत होता. तान रुफिना थांबली आणि घोरता घोरताच त्याच्या तोंडून "आम्हांसाठी विनंती कर" बाहेर पडलं, तेही अगदी वेळेवर.

कुणी भरभर म्हणायला लागलं, तर ती माळेचा मणी चिमटीत तसाच धरून मान वळवते. "मेलेल्याला घाई नाही, मग तुम्हाला कसली? भात काही पळून जात नाही."

तिला तान म्हणायचं ते मानाने. तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला आम्ही तान म्हणतो, पुरुषाला तुन. पण इतर तानांचं ऐकतात, तान रुफिनाच्या मागून म्हणतात.

तिचा जन्म एकोणीसशे पस्तीसचा. सहा वर्षांची होती तेव्हा अमेरिकेच्या ताब्यातल्या आमच्या बेटावर जपानी आले. शाळेत रोज सकाळी पोरांना रांगेत उभं करून उत्तरेकडे, त्यांच्या सम्राटाच्या दिशेने, कमरेत वाकायला लावायचे आणि एका सुरात काहीतरी म्हणून घ्यायचे. काय म्हणायचात, असं मी तिला एकदा विचारलं. "तेव्हा कळत नव्हतं, आता काय सांगू?" ती म्हणाली. "पण सूर माझा चांगला होता. मास्तर मलाच पुढे उभं करायचे."

चव्वेचाळीसच्या जुलैत सैनिकांनी गावातली माणसं वेचून टिन्टाच्या गुहेकडे नेली. त्यांत तिचा बाप होता. तो परत आला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकन जहाजं आली. वर्ष संपता संपता तिच्या आईला मुलगा झाला, बिसेन्ते. आई दिवसभर दुसऱ्यांची धुणी धुवायची, त्यामुळे नऊ वर्षांच्या रुफिनाने भाऊ कमरेवर वाढवला.

शाळा पुन्हा सुरू झाली. आता छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्यासमोर इंग्रजीत म्हणायचं होतं, तेही एका सुरात. आपली चामोरो भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. पुढे उभं राहायला पुन्हा हीच. पुढे त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं भात शिजवला. माझ्या वडिलांनी तो खाल्लाय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भात चांगला असायचा, पण दुसऱ्यांदा मागितला तर आधी "पहिला संपव" ऐकावं लागायचं.

बिसेन्ते अमेरिकेच्या सैन्यात गेला आणि अडुसष्ट साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. तेव्हा गावची तेचा तिची आत्या होती, तान बाल्बिना. पहिल्या संध्याकाळी शवपेटीसमोर बसून आत्याने भाच्याचं नाव घेतलं आणि पुढे तिचा आवाजच फुटेना. घर भरलेलं, सगळे वाट बघतायत. मग मागून रुफिनाने प्रार्थना उचलली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत तीच तेचा आहे.

एवढं सगळं सांगितलं ते तिचं राजकारण कळावं म्हणून. तान रुफिनाला बेट अमेरिकेचं राज्य व्हायला हवं होतं, बाकीच्या राज्यांसारखं, झेंड्यावर एक चांदणी वाढवून. आम्ही अमेरिकेचे नागरिक आहोत, सैन्यात चालतो, पण राष्ट्राध्यक्ष निवडताना चालत नाही. ती म्हणायची, "त्यांनी माझ्या भावाला लढायला पाठवलं. पाठवणाऱ्याला निवडायचं की पाडायचं, हे मला कुणी विचारलं नाही. मरण्याआधी मला एकदा मत द्यायचंय. कुणाला ते तेव्हा ठरवीन. बहुतेक पाडायलाच देईन."

आणि तिच्याच घरात तिची नात हाआनी राहत होती. आई सॅन दिएगोला असल्यामुळे ही आजीकडेच वाढली. वय सव्वीस. आजीला जी भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, तीच भाषा ती त्याच शाळेत पगार घेऊन शिकवते. हाआनी स्वातंत्र्यवाली. राज्य झालो की परतीची वाट कायमची बंद, बेटाचा एवढा मोठा तुकडा लष्कराच्या तारेआड आहे तो तारेआडच राहणार, आणि आपलं आपण ठरवण्याचा हक्क आपणच सही करून देऊन टाकणार, असं तिचं म्हणणं. ते तिने मला सांगितलंय, शाळेतल्या शिक्षकांना सांगितलंय, धक्क्यावर मासे उतरवणाऱ्यांना सांगितलंय. फक्त आजीला सांगितलेलं नाही. आमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणत नाहीत. लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी असं मानतात. ज्याला वाटत नाही त्याच्या आईबापांची चौकशी होते. तान रुफिना राज्याबद्दल बोलायला लागली की हाआनी उठून भांडी घासायला घ्यायची. त्या घरातली भांडी गावात सगळ्यात स्वच्छ असायची.

मग विधानसभेच्या एका समितीने गावोगाव सुनावण्या लावल्या. बेटाला राज्याचा दर्जा द्या, अशी मागणी वॉशिंग्टनला पाठवायची की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. मालेसोची सुनावणी शनिवारी सकाळी, धक्क्याजवळच्या सभागृहात. मी मेयरच्या कचेरीत कामाला असल्यामुळे खुर्च्या आणि माइक माझ्याकडे होते, आणि तान रुफिनाचा शेजारी असल्यामुळे तान रुफिनाही माझ्याकडे होती.

सकाळी गाडीत आजी पुढे, नात मागे, नातीच्या मांडीवर केलागुएनचं, म्हणजे लिंबू-नारळात कालवलेल्या कोंबडीचं, भलंमोठं पातेलं. सुनावणी कसलीही असो, रिकाम्या हाताने जायचं नाही.

"तू कशाला येतेस?" आजीने मागे न बघता विचारलं.

"पातेलं धरायला," नात म्हणाली.

दारात नावं लिहून घेत होते. तान रुफिनाचा नंबर अठरा लागला. तिच्या मागे पातेलं मला देऊन हाआनीने पेन घेतलं आणि एकोणिसावं नाव लिहिलं. आजीने ते पाहिलं आणि पुढे चालू लागली.

सभागृहात दीडशे माणसं होती. समोर टेबलामागे समितीचे तिघे. मधला अध्यक्ष रेमुन्डो, उत्तरेकडच्या यिगो गावचा, पण आई मालेसोची. बाजूला टंकलेखिका. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. एकदा बोललं की पुन्हा बोलायचं नाही.

पहिले सतरा जण सुनावणीत बोलतात तसं बोलले. निवृत्त सैनिक सांटोस उभा राहिला, पदकांसकट, आणि राज्याच्या बाजूने बोलता बोलता स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या तक्रारीत शिरला. घंटीनेच त्याला बाहेर काढलं. तुन एनरिके, ज्याची होडी वर्षातले आठ महिने दुरुस्तीला असते, तो स्वातंत्र्याच्या बाजूने बोलला.

"स्वतंत्र झालो तर खाऊ काय, असं विचारतात. समुद्र कुठे जाणार आहे काय?"

"तुमची होडी कुठे जाणार आहे ते सांगा आधी!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, तुन एनरिकेही.

तोपर्यंत गाव सरळ दुभंगलेलं होतं. मी मोजत होतो: आठ राज्याचे, सात स्वातंत्र्याचे, एक मधल्या वाटेचा, म्हणजे स्वतंत्र होऊन अमेरिकेशी करार करा म्हणणारा, आणि एकाला नक्की काय हवंय ते त्यालाही सांगता आलं नाही.

मग अठरावी तान रुफिना.

मी माइक खाली केला. ती माइकसमोर ताठ उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"मी रुफिना," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊकच आहे. माझं म्हणणं एवढंच, की आमची माणसं मोजा. जी गेली ती मोजा, मग आम्हाला मोजा. माझा भाऊ बिसेन्ते."

ती थांबली. दम लागला होता, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला लागतोच. पण दुसऱ्या रांगेतून तान मारिकिता हळूच म्हणाली, "आम्हांसाठी विनंती कर."

"हुआन, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ."

"आम्हांसाठी विनंती कर." या वेळी आठ-दहा आवाज.

"धक्क्याजवळचा ग्रेगोरियो."

आता अर्धं सभागृह. मला वाटतं, याच क्षणी तिनेही स्वतःला सोडून दिलं. तिने डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं नसलेल्या माळेवरून सरकायला लागली. सूर तोच, नऊ संध्याकाळींचा. व्हिएतनामची नावं झाली, मग इराकचं एक, अफगाणिस्तानचं एक. प्रत्येक नावाला सगळं सभागृह उत्तर देत होतं. सांटोस पदकांवर हात ठेवून म्हणत होता, तुन एनरिके म्हणत होता, मी माइकची वायर धरून म्हणत होतो. तीन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. रेमुन्डोचा हात घंटीपर्यंत गेला आणि परत आला.

"यांनी काही मागितलं नाही," शेवटी ती म्हणाली. "मी मागते. आम्हाला राज्य बनवा, आणि ते लवकर बनवा."

आणि ती थांबली.

"तसंच होवो," दीडशे माणसं म्हणाली. कित्येकांनी क्रुसाची खूणही केली.

तान रुफिना आपल्या खुर्चीकडे गेली. टंकलेखिकेची बोटं चालत होती, तेवढाच आवाज. मग रेमुन्डोने घसा खाकरला. तो राज्यवाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण चेहरा त्याने चांगला सांभाळला. "अठराव्या साक्षीला उपस्थितांनी एकमुखाने संमती दिली, असं नोंदवा," तो म्हणाला. "पुढचं नाव. हाआनी तेडपाहोगो."

हाआनी उभी राहिली. हातात दुमडलेली चार पानं होती. तिने एकदा आजीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा सभागृहाकडे.

"माझं काही नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिच्या मागचे पाच जणही काही नाही म्हणाले. साडेअकरालाच जेवणाची सुट्टी झाली.

मधल्या लांब टेबलावर लाल भात, केलागुएन, भाजलेले मासे, मिरचीचं आंबट तिखट पाणी, सगळं मांडलं गेलं. तान रुफिनाला कुणी रांगेत उभं राहू देईना. लहान पोरं येऊन, मोठ्यांना मान देताना करतात तसा, तिचा हात नाकाला लावून जात होती. राजधानीहून आलेला एक बातमीदार तिला म्हणाला, "सगळं गाव तुमच्या बाजूने आहे, तान." ती नुसती हसली. मी तिला इतकं खूश क्वचितच पाहिलंय.

तुन एनरिके आपली थाळी घेऊन तिच्या शेजारी बसला. "तान, आम्ही तीन वर्षं भांडतोय. तुम्ही तीन मिनिटांत राज्य आणलंत."

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "घंटी वाजवायची त्याची छाती झाली नाही." मग तिचा घास हातातच राहिला. "पण तू तर स्वातंत्र्यवाला ना रे?"

"मरेपर्यंत."

"मग तू कसा 'तसंच होवो' म्हणालास?"

तुन एनरिके माशाचा काटा काढत होता. त्याने वरही पाहिलं नाही. "तुम्ही थांबलात की," तो म्हणाला. जसं काही कुणी विचारलं की पाऊस आला तर छत्री का उघडलीस.

तान रुफिनाने थाळी बाजूला ठेवली आणि ती वाढपाच्या टेबलाकडे गेली. तिथे हाआनी दुसऱ्यांना भात वाढत होती.

"तू का बोलली नाहीस?"

"काही नव्हतं, आजी."

"चार पानं होती. मी आंधळी नाही."

हाआनीने भाताचा डाव खाली ठेवला. "तुझ्यानंतर काय बोलणार? आणि मी पण म्हटलंच की 'तसंच होवो'. तोंडातून गेलं. आता उठून उलटं बोलले असते तर अध्यक्षाने विचारलं असतं, बाई, तू दोन मिनिटांपूर्वी हो म्हणालीस ना? माझं 'हो' तिथे लिहिलंय, आजी. तुझ्या खाली."

हे बोलताना तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तान रुफिना खिडकीजवळच्या एका खुर्चीत जाऊन बसली. मी तिची थाळी घेऊन गेलो.

"तान, खाऊन घ्या."

"जपानी मास्तर मला पुढे का उभं करायचा, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "सूर चांगला होता म्हणून नाही. मी म्हटलं की मागची सगळी पोरं म्हणायची. त्याचं काम सोपं व्हायचं." तिने भाताकडे पाहिलं. "पन्नास वर्षं लोकांनी माझ्यावर विश्वास टाकून उत्तर दिलं. मी कशासाठी थांबते ते त्यांना माहीत होतं. आज मी ते उत्तर दुसऱ्याच कामाला लावलं."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"पण झालं ना? आता खुर्ची दे, त्या पोराच्या टेबलाजवळ."

पोरगा म्हणजे अध्यक्ष रेमुन्डो. वय साठ.

सुनावणी पुन्हा सुरू झाली तेव्हा तान रुफिना माइकजवळ येऊन बसली होती. रेमुन्डो म्हणाला, "तान, तुमची साक्ष झाली. नियम आहे, पुन्हा बोलता येत नाही."

"मला बोलायचं नाही. दुरुस्त करायचंय. लोक जे म्हणाले ते राज्याला संमती म्हणून म्हणाले नाहीत. सवयीने म्हणाले. ते काढून टाक."

"असं कसं? सगळ्यांनी स्पष्ट म्हटलं. मी ऐकलं."

"तूही म्हणालास."

सभागृहात हसू फुटलं. रेमुन्डोही ओशाळला. तान रुफिना लोकांकडे वळली. "ज्यांनी राज्याला हो म्हणून 'तसंच होवो' म्हटलं नाही, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. तुन एनरिकेसुद्धा. तेचाने चूक केली असं भर सभेत हात वर करून कोण सांगणार? मी स्वतः माइकची बटणं तपासायला लागलो.

"बघा," रेमुन्डो मऊ आवाजात म्हणाला.

"हेच तर म्हणतेय मी," तान रुफिना म्हणाली.

रेमुन्डोने घंटी बाजूला सरकवली. मग बाजूच्या दोघांशी बोलून म्हणाला, "तान, लोकांचं उत्तर तुमच्या साक्षीतच नावांबरोबर टाइप झालंय. ते वेगळं काढता येणार नाही. नियमाने एकच होऊ शकतं, तुम्ही पूर्ण साक्ष मागे घेऊ शकता. पण मग या ठरावावर तुमचं काहीच राहणार नाही. नंतर लेखीही देता येणार नाही. तुमच्या भावाचं नाव, बाकीची नावं, तुमची मागणी, काहीच वॉशिंग्टनला जाणार नाही." तो पुढे झुकला. माइकवर हात ठेवला, तरी पहिल्या रांगेत मला ऐकू आलं. "माझ्या आईची जपमाळ तुम्ही चालवली. मी तुम्हाला फसवणार नाही. असं करू नका. तुमची साक्ष आजची सगळ्यात मोठी साक्ष आहे. पुढची सुनावणी कधी होईल, होईल की नाही, देव जाणे."

तान रुफिना थांबली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मी हजारो वेळा तिला प्रार्थनेत थांबताना पाहिलंय. त्या थांबण्याला माप असतं, पुढे काय येणार ते सगळ्यांना माहीत असतं. हे तसलं थांबणं नव्हतं. सभागृहातल्या कुणालाच कळेना, आपण काही म्हणायचंय का. कुणी म्हटलं नाही. पंखे फिरत होते. बाहेर धक्क्यावर कुणाच्या तरी होडीचं इंजिन सुरू होत होतं आणि बंद पडत होतं.

तिने मागे वळून हाआनीकडे पाहिलं नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नंतर गावात लोक म्हणाले, नातीने डोळ्यांनी विनवलं म्हणून. हाआनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी होती.

"काढ," तान रुफिना म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

टंकलेखिकेने अध्यक्षाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तिने जे काही टाइप केलं ते एका ओळीचं असावं, कारण लगेच झालं.

"आणि एकोणीस नंबरला पुन्हा बोलव," तान रुफिना म्हणाली. "ती बोललीच नाही, म्हणजे तिची पाळी झालेलीच नाही. हे तरी नियमात बसतं ना?"

रेमुन्डोने नियम पाहिला नाही. "हाआनी तेडपाहोगो," त्याने पुकारलं.

हाआनी दारातून आली. चार पानं हातात होती, पण घामाने ओली झाली होती, आणि पहिली दोन तर तिने उलटीच धरली होती. माइक मी आजीच्या उंचीला केला होता, तो वर करायला गेलो तर तिने राहू दे म्हणून खूण केली आणि वाकूनच बोलली. ती राज्याच्या विरुद्ध बोलली. जमिनीबद्दल बोलली, तारेच्या कुंपणाबद्दल बोलली, ज्याने आपल्याला कधी विचारलंच नाही त्याच्या घरात कायमचं राहायला आपण परवानगी का मागतोय, असं तिने विचारलं. आजीने घेतलेल्या नावांबद्दल ती काही बोलली नाही. ती नावं तिची नव्हती, आणि तिने ती वापरली नाहीत. तीन मिनिटांच्या आधीच तिचं संपलं.

ती थांबली, तेव्हा सभागृह गप्प होतं. तोंडं घट्ट मिटलेली. तान मारिकिताने तर तोंडावर हात ठेवला होता, न जाणो. तान रुफिना समोर बघत होती. ओठ आवळलेले. त्या भाषणातला एकही शब्द तिला पटला नव्हता, हे दहा फुटांवरून दिसत होतं.

हाआनीच्या मागचे जे पाच जण सकाळी गप्प बसले होते, त्यांतले चार दुपारी बोलले. दोन इकडचे, दोन तिकडचे. पाचवा भात खाऊन घरी गेला होता.

परत जाताना आजी पुढे, नात मागे, मांडीवर रिकामं पातेलं. चर्च मागे पडल्यावर मागून आवाज आला.

"आजी, रागावलीस?"

"चुकीचं बोललीस," तान रुफिना म्हणाली. "सगळं चुकीचं. स्वातंत्र्य म्हणे. उद्या चीनची जहाजं आली तर कोण येणार आहे? तू मुलांना गाणी शिकवशील त्यांच्यासमोर?"

मी आरशात पाहिलं. हाआनी पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. मला वाटलं, झालं, इथेच संपलं.

"मी काय म्हणते," आजी पुन्हा म्हणाली, "राज्य झालो तर आपल्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर येते. आत्ता आपण त्यांच्या अंगणातली गोष्ट आहोत. राज्य झालो की घरातली. बरोबर ना?"

"नाही," हाआनी म्हणाली.

गाडी त्यांच्या घरासमोर आली होती. मी इंजिन बंद केलं नाही, कारण आता उतरायचं की नाही हे मलाच कळेना.

तान रुफिना सीटवर हळूहळू वळली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मानेला ते सोपं नव्हतं. "काय म्हणालीस?"

हाआनीचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते. लाज इतकी दिसत होती की मीच दुसरीकडे बघायला लागलो. "नाही म्हणाले, आजी," ती म्हणाली. "बरोबर नाही."

तान रुफिनाने दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला आणि सीटला पाठ टेकली.

"बरं," ती म्हणाली. "का नाही, ते सांग."